वरचे आणि खालचे

दोर हातातून काढायला बसलं की कोणी भांडायचं नाही, असा नियम थोरल्याच्या वडिलांनी घालून ठेवला होता. नियम चांगला होता, फक्त तो पाळला गेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. चार माणसांना ओळीने पोत्यावर बसवून अख्खी दुपार एकच दोर हातातून सरकवायला लावला, तर ती भांडणार नाहीत तर काय एकमेकांचे गोडवे गाणार? मागच्या खेपेला दोर अर्ध्यावर असताना काकूंनी माहेरच्या वाटणीचा विषय काढला होता. उरलेला अर्धा दोर घुश्शात, पण फार बारकाईने तपासला गेला होता.

या खेपेचा दोर काचकारखान्याच्या चिमणीसाठी होता. शहरातली सगळ्यात उंच चिमणी, लोखंडी पट्ट्या गंजून गेलेल्या. ती खरवडायची, पट्ट्या बदलायच्या आणि रंगवायची. सोमवारी सकाळी काम सुरू व्हायचं होतं. रविवारची जेवणं उरकली, गोदामाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि घर पोत्यांवर बसलं. एका टोकाला थोरला, भिंतीला पाठ लावून. त्याच्या शेजारी त्याची मोठी बहीण अक्का, मग धाकट्या भावाची बायको, जिला सगळे काकूच म्हणत, आणि दुसऱ्या टोकाला थोरल्याची मुलगी लोडू. बोटांना कुठे खरखर लागली, कुठे पीळ सैल वाटला की तिथे लाल दोरा बांधायचा आणि पुढे सरकवायचं.

समोरच्या बाकावर धाकटा भाऊ आणि अक्काचा मुलगा चहा पीत बसले होते. ते दोघे वर जाणार होते, आणि वर जाणाऱ्याने स्वतःचा दोर तपासायचा नाही, हा या घराचा दुसरा नियम. हा मात्र काटेकोर पाळला जायचा. ज्याला वर जायची घाई असते त्याला दोष सापडत नाही, असं वडील म्हणायचे.

धाकट्याला घरीदारी काडी म्हणत. पन्नाशी उलटली तरी त्याला लग्नातली पँट यायची, आणि येते हे तो दर वर्षी घालून दाखवायचा.

या घरात माणसं दोनच प्रकारची होती, वरची आणि खालची. पोराला सोळावं लागलं की गोदामातल्या तराजूवर उभं करायचं. काटा सत्तर किलोच्या आत राहिला तर पोर वरचं, पुढे गेला तर खालचं. वरच्यांनी चढायचं, खालच्यांनी दोर धरायचा. हा हिशोब काथ्याच्या दोराच्या काळातला होता. पुढे नायलॉन आला, पोलादी कड्या आल्या, दीडशे किलोचा माणूस पेलतील असे पट्टे आले. सगळं बदललं, सत्तरचा आकडा तेवढा जागच्या जागी राहिला.

त्या आकड्याला आणखी एक अर्थही चिकटला होता. वडील जाड होते, आणि पन्नाशीच्या आत, हातात दोर असतानाच छातीत कळ येऊन गेले. तेव्हापासून घराने ठरवून टाकलं की जाडांना वडिलांचं लागलंय आणि बारीक आईवर गेलेत. जाडांनी दर सहा महिन्यांनी डॉक्टरकडे जायचं, गोळ्या घ्यायच्या, अळणी खायचं. बारकांनी त्यांना हसायचं. स्वयंपाकघरात भाजीची दोन पातेली चढायची आणि मिठाची वाटी वरच्यांच्या बाजूला असायची. काडी भाजीवर आणखी चिमूटभर भुरभुरवायचा, तेव्हा थोरला दुसरीकडे बघायचा.

लोडूचा काटा सोळाव्या वर्षी चौऱ्याहत्तरवर गेला होता. आता ती सत्तावीस वर्षांची होती आणि काटा विचारण्याची कोणाची टाप नव्हती. पट्टे, कड्या, कप्प्या सगळं तिच्या ताब्यात. कुठल्या पट्ट्याला किती वजन चालतं हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, म्हणून तर तिला सत्तरचा नियम जास्त लागायचा. अक्काच्या मुलाने तिला चारदोन वेळा पाण्याच्या टाक्यांवर गुपचूप चढवलंही होतं. थोरल्याला हे माहीत नाही असं सगळे धरून चालले होते. थोरलाही तसंच धरून चालला होता.

आज मात्र लोडूचं चित्त दोरात नव्हतं.

कारखान्याच्या मॅनेजरने या वेळी नवी अट घातली होती. आवारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरचा दाखला हवा, मग तो चिमणीवर जाणारा असो की खाली उभा राहणारा. थोरला आणि अक्काचा मुलगा बुधवारीच जाऊन आले. गुरुवारी टेम्पो घेऊन लोडू गेली आणि काडीलाही बरोबर घेऊन गेली. दंडाला पट्टा गुंडाळून घ्यायची काडीची ही पहिलीच वेळ. बाहेरच्या बाकावर त्याने तिची भरपूर फिरकी घेतली होती. "तुला बघून बाईंचं मशीनच घाबरेल बघ."

मशीन घाबरलं नाही. लोडूचं वरचं एकशे अठरा आणि खालचं चौऱ्याहत्तर आलं. साखर व्यवस्थित, हृदयाचा आलेख व्यवस्थित. डॉक्टरीणबाईंनी सगळं दोनदा बघून सही केली आणि काडीला बसवलं. त्याचं तीनदा घेतलं. मग आडवं पाडून हृदयाची सोनोग्राफी केली, आणि सगळं संपल्यावर खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"एकशे शहाऐंशी, एकशे बारा. हृदयाची भिंत जाड झालीय. हे काही या वर्षीचं दुखणं नाही. घरात कोणाला आहे?"

"वडिलांना होतं. हार्ट. पण ते जाड होते हो. मी आईवर गेलोय."

"आई कशाने गेल्या?"

"न्हाणीघरात पाय घसरून."

"वय?"

"चाळीस-बेचाळीस असेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाय घसरून शुद्ध गेली, की शुद्ध गेली म्हणून पडल्या?"

असा प्रश्न काडीला कोणी कधी विचारला नव्हता. "मी तेव्हा शाळेत होतो," तो म्हणाला. "अक्का होती घरी."

"हे बघा, अंगकाठी आईची आली म्हणजे जे आलं ते सगळं चांगलंच आलं, असं नसतं. वजनही रक्तातून येतं, दाबही रक्तातून येतो, पण दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून येतात असं नाही. तुमच्या पुतणीला वजन आलंय, दाब आलेला नाही, निदान अजून तरी. तिनेही तपासत राहायचं. तुम्हाला वजन आलं नाही, दाब आलाय."

"पण मला तर काहीच होत नाही."

"ह्यात तेच वाईट आहे. होईपर्यंत काहीच होत नाही." बाईंनी गोळ्या लिहून दिल्या. "खाली उभं राहून काम करा, तेवढा दाखला देते. वर चढायचा दाखला मी देणार नाही. नंतरचं नंतर बघू."

येताना सिग्नलला टेम्पो थांबल्यावर काडी म्हणाला, "लोडू, तुला वर यायचंय ना?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"घरी सांगायचं, काकांचा दाखला पुढच्या आठवड्यात मिळणारेय. कारखान्यातला फोरमन माझ्या ओळखीचा आहे, तिथलं मी बघतो. रविवारी सगळ्यांसमोर मी तुझं नाव काढतो. दादा माझं ऐकतो."

"आणि वर तुम्हाला काही झालं तर?"

"एकतीस वर्षांत झालं नाही ते आता होणारेय?"

लोडू हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. न बोलणं म्हणजे होच, हे दोघांनाही कळत होतं. मेडिकलचं दुकान आलं तेव्हा टेम्पो थांबवायचं कोणाच्याच तोंडून निघालं नाही.

*

"लोडू, ऊठ," काडी बाकावरून म्हणाला. "दोर खाली ठेव आणि ह्या बाजूला ये."

दोर जागच्या जागी थांबला.

"ह्या बाजूला कशाला?" थोरल्याने विचारलं.

"चिमणीवर ती आमच्याबरोबर येतेय. पट्ट्या जड आहेत, वर तीन माणसं हवीत. दाखला मिळालाय तिला. माझ्या डोळ्यांदेखत बाईंनी सही केलीय."

"वजन बघितलंस का तिचं?"

"दादा, काथ्याचा दोर जाऊन किती वर्षं झाली? हा दोर तुला, मला आणि तुझ्या तराजूला एकदम उचलेल."

अक्काचा मुलगा हसला आणि आईची नजर दिसताच चहात बघायला लागला.

"दोराचं कोण बोलतंय?" थोरल्याचा आवाज चढला नव्हता, पण जड झाला होता. "आपले वडील ह्याच वजनाने गेले. मी ह्याच वजनाने रोज दोन गोळ्या गिळतोय. हिला वर असताना काही झालं म्हणजे?"

"तिचं रक्त माझ्यापेक्षा चांगलं आहे," काडी म्हणाला, आणि मग घाईने म्हणाला, "म्हणजे बाईच म्हणाल्या तसं."

अक्काने हातातला दोर मांडीवर ठेवला. धाकट्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवला होता. लहानपणी त्याने तिचीच पेन्सिल तिलाच भाड्याने दिली होती. हा माणूस कोणाला काही फुकट देतो आणि तेही रविवारी, सगळ्यांच्या साक्षीने, हे तिला पटेना. तिने लोडूकडे बघितलं. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळत असताना पोरीचं तोंड एवढं उतरलेलं का?

"तुझा दाखला कुठाय रे?" अक्काने विचारलं.

"येईल पुढच्या आठवड्यात. बाईंच्या सहीचा शिक्का संपला होता."

"शिक्का संपतो?"

"शाई संपली होती, अक्का. तू दोर बघ."

काकू मध्ये पडल्या. नवऱ्याने आज पहिल्यांदाच कोणासाठी चांगलं काही मागितलंय, तर त्याच्या पाठीशी उभं राहावं असं त्यांना वाटलं. "भाऊजी, जाऊ द्या की तिला. बरोबर हे आहेतच. यांच्यासारखं लक्ष कोण ठेवणार?"

मुलगी चढायची हे थोरल्याला माहीत होतं. टाकीवर चढायची त्या प्रत्येक दिवशी तो पलीकडच्या गल्लीत टेम्पो लावून बसायचा आणि ती उतरली की निघून यायचा. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. अडवून अडत नाही असं दिसल्यावर त्याला वाटलं, निदान काडी बरोबर असेल.

"तू बरोबर राहणार?" त्याने भावाला विचारलं.

"पूर्ण वेळ."

"मग जाऊ दे," थोरला म्हणाला. "लोडू, ऊठ. आता तुला ह्या दोराला हात लावता यायचा नाही."

लोडू उठली आणि बाकावर जाऊन बसली. आतेभावाने तिच्या हातात चहा दिला आणि कोपराने ढोसलं. या बाजूने ती कधी बसली नव्हती. समोर तिघं राहिली होती. आत्याने नेहमीप्रमाणे डोळे मिटून घेतले होते, तिला बोटांनीच चांगलं दिसायचं. काकू मन लावून बोटं फिरवत होत्या. आणि बाबांची जाड बोटं मघापेक्षा हळू चालायला लागली होती. दोन दोन वेळा मागे येऊन ती तोच तुकडा चाचपत होती.

ती माणसं इतकी मर मर करून दोरात दोष शोधतायत, आणि दोष तिच्या शेजारी बसून चहा पितोय, हे लोडूला सहन होईना. तिने कप खाली ठेवला.

"बाबा, थांबा. दोर ठीक आहे. काकांना वर चढायचा दाखला मिळालेला नाही आणि मिळणारही नाही."

"लोडू!" काडी ओरडला.

"एकशे शहाऐंशी, एकशे बारा. हृदयाची भिंत जाड झालीय. बाईंनी वर चढायला सक्त मनाई केलीय. गोळ्या दिल्यात, त्या अजून आणलेल्या नाहीत. मला सांगितलं, तू गप्प राहा, तुला वर नेतो. मी तीन दिवस गप्प राहिले."

काकूंच्या हातातून दोर सुटला. "गोळ्या कसल्या? अहो, कसल्या गोळ्या?"

"कसल्या नाहीत," काडी उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "तिला माझी जागा हवीय. दाखला तिच्या खिशात आहे ना आता! मी खाली आलो की वर कोण जाणार? तीच!"

हे लोडूच्या फार वर्मी लागलं, कारण गुरुवारपासून तिने स्वतःलाच हे हजारदा विचारलं होतं. ती बाकावरून उठली, पोत्यावर आपल्या जागी येऊन बसली आणि तिने दोर हातात घेतला. "घ्या. मी खालची ती खालचीच. चिमणीवर मी जात नाही. आता तरी खरं वाटेल का?"

थोरला भावाकडे बघत होता. त्याला राग यायला हवा होता आणि येत नव्हता, नुसती भीती वाटत होती.

"हाडाच्या काडीला कसलं आलंय बीपी?" काडी सगळ्यांना उद्देशून म्हणाला. "मशीन बिघडलेलं असेल. मी माझ्या तब्येतीला ओळखतो. मी ठणठणीत आहे."

"ठणठणीत आहेस हे कोण सांगतंय?" अक्काने विचारलं.

"मीच सांगतोय!"

"वर जायचंय कोणाला?"

"मलाच."

"मग तुझं कसं चालेल?" अक्काचे डोळे आता उघडे होते. "दोर तपासायला तुला हात लावू देत नाही आम्ही. का, तर तुला वर जायची घाई असते. आणि अख्खा माणूस तेवढा तू स्वतःच तपासून पास करणार?"

अक्काचा मुलगा पहिल्यांदाच बोलला, "मामा, ती बरोबर बोलतेय."

"तू गप रे."

"त्याला गप करू नकोस, त्याचाही प्रश्न आहे हा." अक्काने कमरेची पिशवी सोडली. सुपारीची म्हणून ओळखली जाणारी ती पिशवी तिने पोत्यावर उपडी केली. त्यात गोळ्यांचं पाकीट होतं, अर्धं संपलेलं. "सात वर्षं घेतेय मी. तुझ्यासारखीच बारीक आहे. तुझ्यासारखंच मीपण दादाला हसायचे, गोळ्यांचं दुकान म्हणून. मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

थोरला म्हणाला, "अक्का, सात वर्षं तू खारट पातेल्यातलं खातेस?"

"धुऊन खाते. पाणी घालून. अगदी बेचव लागतं."

या घरात कोणत्या गोष्टीचं हसू येईल याचा नेम नाही. काकूंना रडता रडता हसू फुटलं आणि त्यांनी पदर तोंडावर धरला.

अक्का हसली नाही. "आणि आई न्हाणीघरात घसरली नव्हती. ती स्टुलावर बसून कपडे पिळत होती. एका बाजूचं तोंड वाकडं झालं, कपडा हातातून गळला, मग ती पडली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाबाने डोक्यातली नस फुटली. बाबा म्हणाले, ती एवढीशी बाई, तिला कसला रक्तदाब, पाय घसरला असेल. आपल्याकडे बारीक माणूस आजारी पडत नव्हतं ना. मग सगळे तेच म्हणायला लागले. मीसुद्धा."

काडी शटरखालून वाकून बाहेर निघून गेला. तो बाहेर पडल्यावर काकूंनी डोळे पुसले, लोडूकडून डॉक्टरांची चिठ्ठी मागून घेतली आणि चपला पायात सरकवून मेडिकलच्या दिशेने चालू लागल्या. रविवारी कुठलं दुकान उघडं असेल हे त्यांनी विचारलंही नाही.

*

काडी आवारात रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसला होता. आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होता. सगळे म्हणायचे, अगदी आईवर गेलाय, आणि ते ऐकून त्याला आयुष्यभर सुरक्षित वाटत आलं होतं. टाक्यांवर, टॉवरवर, वारा सुटला तरी. आता त्याला आठवायला लागलं की ती कधीकधी भिंतीला हात लावून उभी राहायची, आणि विचारलं की म्हणायची, काही नाही रे, जरा थांबलेय.

थोरला बाहेर आला. त्याच्या हातात घरातलं मशीन होतं. गेली कित्येक वर्षं ते खालच्यांच्या कपाटात असायचं आणि वरचे त्याला रेडिओ म्हणायचे.

"हात काढ."

"दादा, नको ना."

"काढ म्हटलं ना."

काडीने बाही सरकवली. थोरल्याने पट्टा त्याच्या दंडाला गुंडाळला, आणि तो पूर्ण फिरून पुन्हा अर्धा फिरला तरी टोक उरलंच. पट्टा जाड दंडांसाठी आणलेला होता. या घरात बारीक दंडाचा पट्टा कोणी घेतलाच नव्हता.

"बघ," काडी म्हणाला. "मशीनलासुद्धा मी खपत नाही."

"दंडाच्या मानाने पट्टा मोठा असला की आकडा कमी दाखवतं, असं बाई म्हणतात," थोरल्याने बटण दाबलं. "हलू नकोस आणि बोलू नकोस."

मशीन घरघरलं आणि थांबलं. थोरल्याने आकडा वाचला आणि मशीन भावाकडे वळवलं. कमी दाखवूनही एकशे चौऱ्याहत्तर होतं.

काडीने मशीन बाजूला ठेवलं. "मी खाली काय करू, दादा? मला खालचं काही येत नाही."

"शिकशील."

"ह्या वयात?"

थोरला शेजारच्या डब्यावर बसला. डबा कुरकुरला. "मला नेहमी वाटायचं, वडिलांसारखा मी मध्येच कधीतरी जाणार. मग पोरीकडे तू बघशील, घराकडे तू बघशील. तू राहणार, हे मी धरूनच चाललो होतो. तू आईवर गेलायस म्हणून." त्याने दंडावरचा पट्टा सोडला आणि नीट घडी घातली. "तू असा फुकट मरायचा नाहीस. मला चालणार नाही."

काडीने बाही खाली केली. गोदामातून दोर पुन्हा सरकायला लागल्याचा आवाज येत होता. दोराला अक्का आणि लोडू दोघीच होत्या, तरी त्यांनी काम पुरं करायला घेतलं होतं.

"तिला मी फार वाईट बोललो," तो म्हणाला.

"बोललास."

"ती नाही गेली तर वर एकटा भाचा राहतो. काम सोडावं लागेल."

"सोडू. मी तिला सांगणार नाही जा म्हणून. आणि ती माझं ऐकणारही नाही. तुझ्यावर चिडलीय ती, माझ्यावर नाही."

*

सोमवारी सकाळी लोडू कारखान्यात आली ती नेहमीसारखी सामानाबरोबर, टेम्पोच्या मागे बसून. काडी आधीच येऊन उभा होता. काकूंनी तिसऱ्या दुकानातून आणलेली गोळी त्याने उठल्याउठल्या घेतली होती, आणि घेतल्याचं त्याने तीन जणांना सांगितलं होतं. त्याच्या हातात त्याचा स्वतःचा पट्टा होता. हा पट्टा तो कोणाला हाताळूही देत नसे.

"ये इकडे," तो म्हणाला.

"मी सांगितलं ना काका, मी जात नाही."

"का? माझी जागा नको म्हणून?"

लोडू टेम्पोतल्या कड्या मोजायला लागली.

"ती माझी नव्हतीच. आईच्या अंगकाठीमुळे मला मिळाली होती, आता झेपत नाही. तू काल बोलली नसतीस तर आज मी तिथे वर असतो." त्याने चिमणीकडे हात केला. "आणि तू शेजारी असतीस. मी वर लटकलेला, तोंड वाकडं झालेलं, आणि तू मला धरून. ते चाललं असतं तुला?"

"नाही."

"मग माझी जागा घेतलीस म्हणून तोंड पाडून बसू नकोस. मी चुकीचं बोललो. हात वर कर."

लोडूने हात वर केले. काडीने पट्टा तिच्या अंगाभोवती घेतला, सगळ्या कड्या शेवटच्या भोकापर्यंत सैल केल्या आणि मग एकेक करून आवळल्या. प्रत्येक कडीला त्याने दोनदा झटका दिला. दाखल्यावर शिक्का होता, फोरमनने बघितला आणि मान हलवली. लोडूचे हात लागलेला दोर थोरल्याने आणि अक्काने रात्री पुन्हा हातातून काढला होता, न जाणो ती चढलीच तर. भाचा पुढे आणि लोडू मागे, अशी दोघं शिडीला लागली.

काडी थोरल्याशेजारी येऊन उभा राहिला. थोरल्याने दोराचा एक पदर त्याच्या हातात दिला, तो कसा धरायचा, पाय कुठे रोवायचा ते दाखवलं. सरकत्या दोराला किती सोडायचं आणि कधी धरायचं हे दोनदा सांगितलं. काडीने आयुष्यभर ज्या दोराच्या जोरावर वारा खाल्ला, तो खालून एवढा जड लागतो हे त्याला माहीत नव्हतं.

लोडू पहिल्या पट्टीपाशी पोचली. तिथे ती थोडी थांबली, आणि काडीने दोर आवळून धरला. मग ती पुन्हा चढायला लागली. वर जायला इतका वेळ कधीच लागत नसे.

"हळू चढतेय ना?" त्याने विचारलं.

"तुझ्यापेक्षा जरा लवकरच चाललीय."

"मग एवढा वेळ का लागतोय?"

"खालून लागतो," थोरला म्हणाला.

काडीची छाती धडधडत होती, आणि गोळी घेतलेली असूनही त्याला वाटलं, आत्ता मशीन लावलं तर आकडा कुठे जाईल कोण जाणे. शेजारी थोरला पाय रोवून, मान वर करून उभा होता. टाक्या, टॉवर, चिमण्या, एकतीस वर्षं हा असाच उभा होता. वर पोचलं की काडी पहिली बिडी पेटवायचा आणि खाली बघायचाही नाही.

"दादा, तुझं बीपी वडिलांकडून आलेलं नाही," तो म्हणाला. "माझ्याकडून आलंय."

थोरल्याने वरची नजर काढली नाही.

"निम्मं," तो म्हणाला. "दोर ढिला सोडू नकोस."